लॉर्ड कॉर्नबरी : एका बदनाम गव्हर्नराचे चरित्र आणि पुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना

इंग्लंडच्या राजसत्तेने अमेरिकेतील वसाहतींवर जे गव्हर्नर पाठविले, त्यांत एडवर्ड हाइड ऊर्फ लॉर्ड कॉर्नबरी (१६६१-१७२३) याच्याइतकी अपकीर्ती क्वचितच दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आली असेल. १७०२ ते १७०८ या काळात तो न्यूयॉर्कचा आणि १७०३ पासून न्यू जर्सीचाही गव्हर्नर होता. लाचखाऊ, उधळ्या, असहिष्णू, कर्जबाजारी ही विशेषणे त्याला लावली गेलीच. परंतु सर्वसामान्य वाचकाच्या लक्षात त्याचे नाव राहिले ते एका वेगळ्याच कथेमुळे. हा गव्हर्नर स्त्रीवेष धारण करून न्यूयॉर्कच्या किल्ल्याच्या तटावर फिरत असे आणि प्रतिनिधिसभेच्या उद्‌घाटनालाही त्याच वेषात गेला, अशी ती कथा. आपण एका राणीचे प्रतिनिधी आहोत, तेव्हा स्त्रीरूपातच यावयास हवे, असे समर्थन त्याने केल्याचेही सांगतात.

वसाहतकालीन अमेरिकेचा इतिहास शिकविताना प्रस्तुत लेखकाने ही कथा अनेक वर्षे वर्गात सांगितली आहे. विद्यार्थी हसत आणि तास रंगत असे. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे कोणी पाहिले होते?" या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी देता आले नाही. ते शोधू लागल्यावर असे आढळले की, कॉर्नबरीवरील आरोप एकाच तोलाचे नाहीत. काही अस्सल कागदांवर उभे आहेत, काही पक्षीय वैरातून आलेले आहेत आणि काही तर त्याच्या मृत्यूनंतर दोन-तीन पिढ्यांनी जन्मास आले आहेत. या तिन्हींची सरमिसळ होऊनच त्याचे रूढ चरित्र तयार झाले. ती सरमिसळ शक्य तितकी सोडविणे हा या लेखाचा हेतू आहे. कॉर्नबरीला निर्दोष ठरविण्याचा येथे प्रयत्न नाही. तसा तो ठरतही नाही.

आरंभी नामसाधर्म्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे. याच काळात एडवर्ड हाइड याच नावाचा दुसरा एक गृहस्थ नॉर्थ कॅरोलायनाचा गव्हर्नर होता व तो १७१२ मध्ये मरण पावला. संदर्भग्रंथांच्या सूचीत या दोघांची अनेकदा गल्लत होते.

घराणे आणि पूर्वायुष्य

कॉर्नबरीचा जन्म २८ नोव्हेंबर १६६१ रोजी झाला. त्याचा आजोबा एडवर्ड हाइड, क्लॅरेंडनचा पहिला अर्ल, हा दुसऱ्या चार्ल्सचा लॉर्ड चॅन्सेलर होता आणि इंग्लंडमधील यादवी युद्धाचा थोर इतिहासकार म्हणूनही त्याची ख्याती आहे. मराठी वाचकाला या आजोबाची ओळख आणखी एका संदर्भात पटेल. ज्या १६६१ च्या विवाहकराराने मुंबई बेट पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे आले, त्या कराराच्या वाटाघाटींत या क्लॅरेंडनचा मोठा वाटा होता. नातवाचा जन्म त्याच वर्षीचा. पुढे १६६७ मध्ये क्लॅरेंडन सत्ताभ्रष्ट झाला, त्याला देश सोडावा लागला आणि १६७४ मध्ये फ्रान्समध्येच त्याचा अंत झाला. त्याचा मुलगा हेन्री दुसरा अर्ल झाला आणि नातवाला व्हायकाउंट कॉर्नबरी ही उपाधी मिळाली.

या घराण्याचे खरे बळ होते ते एका विवाहात. पहिल्या क्लॅरेंडनची मुलगी अ‍ॅन हाइड हिने राजबंधू जेम्स याच्याशी लग्न केले. तिच्या दोन मुली, मेरी आणि अ‍ॅन, पुढे इंग्लंडच्या राण्या झाल्या. अर्थात कॉर्नबरी हा दोन राण्यांचा सख्खा मामेभाऊ होता. त्याच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक वळण या नात्याशी जोडता येते.

त्याचे शिक्षण ऑक्सफर्ड व जिनिव्हा येथे झाले. सैन्यात तो रॉयल ड्रॅगून्स या घोडदळ पलटणीचा अधिकारी होता आणि १६८५ च्या सेजमूरच्या लढाईत जेम्सच्या बाजूने लढला. त्याच वर्षी तो पार्लमेंटचाही सभासद झाला. १६८८ च्या नोव्हेंबरात विल्यम ऑफ ऑरेंज इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा मात्र जेम्सला सोडून जाणाऱ्या पहिल्या काही वरिष्ठ अधिकाऱ्यांत कॉर्नबरी होता. सॉल्झबरीच्या छावणीतील घोडदळाच्या तीन पलटणी घेऊन तो शत्रूला मिळण्यास निघाला. त्यांतील बहुतेक सैनिक वाटेतूनच परतले, परंतु राजाच्या भाच्याने पक्ष बदलला या बातमीने जेम्सच्या सैन्याचे मनोधैर्य खचले. त्याच्या पित्याने आपल्या रोजनिशीत या प्रसंगाविषयी अत्यंत दुःखाने लिहिले आहे. स्वतः पित्याने नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घेण्यास अखेरपर्यंत नकार दिला आणि त्यासाठी कारावासही सोसला. पितापुत्रांच्या भूमिकांमधील हे अंतर लक्षणीय आहे.

त्याच वर्षी त्याने कॅथरिन ओब्रायन हिच्याशी घरच्यांच्या संमतीवाचून विवाह केला होता. सरदार घराण्यातील वारस, पण हाती पैसा नाही, अशी त्याची स्थिती दीर्घकाळ राहिली. १७०१ मध्ये तिसऱ्या विल्यमने त्याला न्यूयॉर्कचे गव्हर्नरपद दिले ते जुन्या उपकाराची फेड म्हणून, असे मानण्यास जागा आहे. तो मे १७०२ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला तेव्हा विल्यम मरण पावला होता आणि आतेबहीण अ‍ॅन सिंहासनावर बसली होती.

न्यूयॉर्क : दुभंगलेली वसाहत

त्या वेळचे न्यूयॉर्क शहर म्हणजे मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला वसलेली चार-पाच हजार लोकांची वस्ती होती. वस्ती लहान, पण वैर मोठे. १६८९ मध्ये जेकब लाइस्लर या व्यापाऱ्याने वसाहतीची सत्ता ताब्यात घेतली होती आणि १६९१ मध्ये त्याला फाशी देण्यात आली. तेव्हापासून वसाहतीत लाइस्लरवादी आणि लाइस्लरविरोधी असे दोन तट पडले. आधीचा गव्हर्नर बेलोमाँट याने लाइस्लरवाद्यांना जवळ केले होते. १७०२ च्या आरंभी तर विरोधी गटाचा नेता निकोलस बेयार्ड याला राजद्रोहाबद्दल मृत्युदंड ठोठावण्यात आला. कॉर्नबरीच्या आगमनाने पारडे फिरले. बेयार्ड सुटला, लाइस्लरवादी अधिकारपदांवरून गेले. याचा अर्थ असा की, नव्या गव्हर्नराने गादीवर बसल्या बसल्या अर्धी वसाहत आपली शत्रू केली. तटस्थ राहण्याची सोय त्या काळी कोणत्याही गव्हर्नराला फारशी नव्हती. परंतु कॉर्नबरीने तसा प्रयत्न केल्याचेही दिसत नाही.

त्याच उन्हाळ्यात शहरात पिवळ्या तापाची साथ आली आणि पाचशेहून अधिक माणसे दगावली. गव्हर्नर लाँग आयलंडवरील जमेका या गावी राहावयास गेला. तेथील प्रेसबिटेरियन धर्मोपदेशकाने आपले घर त्याला राहण्यास दिले आणि पुढे कॉर्नबरीने तेच घर अँग्लिकन उपदेशकाच्या स्वाधीन केले, असे विल्यम स्मिथ याने १७५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यूयॉर्कच्या इतिहासात नमूद आहे. कृतघ्नतेचा नमुना म्हणून हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. तथापि त्यामागे एक कायदेशीर वाद होता. हे चर्च व उपदेशकाचे घर गावकऱ्यांच्या करातून उभारलेले होते. १६९३ च्या कायद्यानुसार काही परगण्यांना एका प्रॉटेस्टंट उपदेशकाचा खर्च सार्वजनिक करातून करणे बंधनकारक होते. हा उपदेशक कोणत्या पंथाचा, याविषयी कायदा मौन बाळगून होता. गव्हर्नरांनी त्याचा अर्थ अँग्लिकन असा लावला. गावकऱ्यांनी आपल्याला हवा तो, असा लावला. कॉर्नबरीने सरकारी अर्थ बळाने अमलात आणला. कायद्याची संदिग्धता त्याने निर्माण केली नव्हती, पण तिचा लाभ मात्र त्याने पुरेपूर घेतला.

या काळातील त्याचे काही निर्णय आजही जमिनीवर दिसतात. १७०५ मध्ये राणीच्या नावे ट्रिनिटी चर्चला मॅनहॅटनवरील मोठी शेतजमीन देण्यात आली. याच जमिनीच्या एका भागावर पुढे किंग्ज कॉलेजची इमारत उभी राहिली. १७५४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था म्हणजे आजचे कोलंबिया विद्यापीठ. १७०८ मध्ये कॅट्सकिल डोंगराळ प्रदेशातील पंधरा ते वीस लाख एकर जमीन हार्डनबर्ग व त्याच्या भागीदारांना एका सनदेने देऊन टाकण्यात आली. मूळ रहिवाशांशी झालेल्या व्यवहारांची आणि सीमांची संदिग्धता या सनदेत इतकी होती की, त्यावरील तंटे पुढे अनेक दशके चालले. हडसन नदीकाठचे हाइड पार्क हे गावही याच गव्हर्नराच्या नावाशी निगडित आहे. फ्रँकलिन रूझवेल्टचे घर तेथे असल्याने त्या गावाचे नाव जगाला माहीत झाले. ते कोणावरून पडले हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

त्याची निरीक्षणशक्ती मंद नव्हती, हे दाखविणारा एक कागद उपलब्ध आहे. १७०५ मध्ये लंडनला पाठविलेल्या पत्रात त्याने कळविले की, कनेटिकट व लाँग आयलंड येथे लोक लोकरीचे कापड विणू लागले आहेत. आपण स्वतः तेथील सर्ज कापड पाहिले असून ते कोणालाही वापरण्याजोगे आहे. आपल्या वस्त्राची सोय आपणच करता येते हे एकदा या लोकांना उमगले की, आपला कारभारही आपणच करावा असे ते म्हणू लागतील, असा इशारा त्याने दिला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला तेव्हा ७१ वर्षे अवकाश होता. नियंत्रण कडक करावे हा त्याने सुचविलेला उपाय अर्थातच साम्राज्यवादी आहे, परंतु रोगाचे निदान चुकलेले नाही.

पैशाचा झगडा

राजाच्या ताब्यातील वसाहतीत गव्हर्नराची नेमणूक लंडनहून होई, त्याला मिळणाऱ्या गुप्त व जाहीर सूचनाही लंडनहूनच येत. मात्र त्याला लागणारा पैसा स्थानिक प्रतिनिधिसभा मंजूर करीत असे. आज्ञा एकाकडून आणि पैसा दुसऱ्याकडून, अशा या रचनेत संघर्ष ठेवलेलाच होता. १७०२ मध्ये सभा अनुकूल होती. तिने सात वर्षांसाठी महसूल मंजूर केला, शिवाय गव्हर्नराला प्रवासखर्चापोटी दोन हजार पौंडांची भेट दिली. पुढच्याच वर्षी अशा भेटी घेण्यास राणीने गव्हर्नरांना मनाई केली.

१७०३ मध्ये बंदराच्या मुखाशी नॅरोज येथे तोफांचे मोर्चे बांधण्यासाठी दीड हजार पौंडांचा कर मंजूर झाला. फ्रान्सशी युद्ध सुरू होते आणि समुद्रमार्गे हल्ल्याची धास्ती होती. मोर्चे काही उभे राहिले नाहीत. गव्हर्नराने तो पैसा स्वतःकडे वळविला, असा आरोप झाला व तो त्याला कायमचा चिकटला. पॅट्रिशिया बोनोमी या इतिहासकार विदुषींनी १९९८ मध्ये कॉर्नबरीवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या आरोपाची छाननी केली असून, करवसुलीच अपुरी होती याकडे त्या लक्ष वेधतात. अपहाराचा निर्णायक पुरावा नाही हे त्यांचे म्हणणे मान्य करता येते. मात्र हिशेब चोख नव्हते, हेही तितकेच खरे. सभेने त्यावर जो उपाय केला तो घटनात्मक दृष्ट्या महत्त्वाचा ठरला. विशेष कारणासाठी उभारलेला निधी राजाच्या अधिकाऱ्याऐवजी सभेने नेमलेल्या खजिनदाराच्या हाती असावा, ही मागणी तिने रेटली आणि १७०६ च्या सुमारास ती लंडनकडून मान्य करून घेतली. पैशाच्या थैलीची दोरी त्या दिवसापासून सभेच्या हाती गेली ती पुन्हा सुटली नाही.

मॅकेमी खटला

कॉर्नबरीच्या कारकिर्दीतील सर्वांत गंभीर व निर्विवाद प्रकरण म्हणजे फ्रान्सिस मॅकेमी याचा खटला होय. मॅकेमी हा मूळचा उत्तर आयर्लंडमधील प्रेसबिटेरियन धर्मोपदेशक. १७०६ मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकेतील पहिली प्रेसबिटरी स्थापन करण्यात तो अग्रेसर होता. जानेवारी १७०७ मध्ये त्याने न्यूयॉर्कमधील एका खासगी घरात प्रवचन केले. गव्हर्नराचा परवाना न घेता उपदेश केला म्हणून त्याला त्याच्या सहकाऱ्यासह अटक झाली. सहकारी पुढे सुटला. मॅकेमी सुमारे दीड महिना तुरुंगात राहून जामिनावर बाहेर आला आणि जूनमध्ये खटल्यासाठी पुन्हा हजर झाला. कॉर्नबरीने लंडनला लिहिलेल्या पत्रात त्याची उपदेशक, वैद्य, व्यापारी, वकील असे सगळेच उद्योग करणारा उपद्रवी माणूस अशी संभावना केली आहे. त्या वर्णनात मत्सराचाही अंश असावा, असे वाटते.

खटल्यात प्रश्न उभा राहिला तो मूलगामी होता. १६८९ च्या धर्मसहिष्णुता कायद्याने अँग्लिकनेतर प्रॉटेस्टंटांना उपासनेची मुभा दिली होती. ती वसाहतींत लागू होते की नाही? गव्हर्नराला मिळालेल्या सूचनांत परवान्याचा उल्लेख होता. परंतु प्रजेला कधी कळविल्याच गेल्या नाहीत अशा सूचनांना कायदा म्हणता येईल काय? ज्या नियमाची प्रजेला वार्ताच नाही तो मोडल्याचा अपराध तिच्यावर कसा लादता येईल, हा बचावपक्षाचा युक्तिवाद होता. ज्यूरीने मॅकेमीला निर्दोष सोडले. तथापि निर्दोष ठरल्यावरही खटल्याचा ८३ पौंडांहून अधिक खर्च त्याच्याकडूनच वसूल करण्यात आला. या अन्यायाने वसाहतीतील मत एकदम फिरले आणि निर्दोष सुटलेल्या आरोपीवर खर्च लादू नये, अशी तजवीज पुढे कायद्याने करावी लागली. मॅकेमीने आपली हकीकत त्याच वर्षी छापून प्रसिद्ध केली. तो १७०८ मध्ये मरण पावला.

वस्त्रांच्या कथेचा गाजावाजा एवढा झाला की, हा खटला तिच्या आड गेला. आपल्या अभ्यासक्रमांत धर्मस्वातंत्र्याच्या प्रश्नाची चर्चा थेट १७९१ च्या घटनादुरुस्तीपासून सुरू होते. मॅकेमीचे नाव तेथे येत नाही, ही उणीव आहे.

न्यू जर्सी आणि लुइस मॉरिस

न्यू जर्सीची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. पूर्व व पश्चिम जर्सी या दोन खासगी मालकीच्या वसाहती होत्या. मालकांनी १७०२ मध्ये राज्यकारभाराचा हक्क राणीच्या स्वाधीन केला, जमिनीवरचा हक्क मात्र राखून ठेवला. क्वेकर, स्कॉटिश मालक, न्यू इंग्लंडमधून आलेले वसाहतकरी आणि डच शेतकरी यांच्यात जमिनीवरून नित्य कलह चालू होता. कॉर्नबरी १७०३ मध्ये तेथे पोहोचला आणि वर्षभरात त्या कलहाचा भाग बनला. पुरेशी जमीन नाही हे कारण दाखवून तीन क्वेकर सभासदांना त्याने सभेत बसू दिले नाही. गव्हर्नराला देण्यासाठी एका गटाने गुप्तपणे पैसा गोळा केल्याचा बोभाटा झाला. मे १७०७ मध्ये सभेने आपले गाऱ्हाणे त्याच्यासमोर वाचून दाखविले. वाचणारा होता सभापती सॅम्युएल जेनिंग्ज नावाचा क्वेकर. झोंबणारे परिच्छेद आले की गव्हर्नर त्याला थांबवी आणि जेनिंग्ज तोच परिच्छेद अधिक ठासून पुन्हा वाची, अशी आठवण पुढच्या पिढीने जपली आहे.

या विरोधाचा खरा सूत्रधार लुइस मॉरिस. श्रीमंत जमीनदार, हुशार, भांडखोर. १७०४ मध्ये कॉर्नबरीने त्याला आपल्या मंडळातून निलंबित केले आणि तेव्हापासून त्याची लेखणी गव्हर्नराच्या विरोधात अखंड चालू राहिली. याच मॉरिसला १७३८ मध्ये न्यू जर्सीचे स्वतंत्र गव्हर्नरपद मिळाले. पदावर येताच त्याचेही सभेशी बिनसले आणि त्याचेही वेतन थकले. कॉर्नबरी तेव्हा हयात नव्हता, अन्यथा त्याला काय वाटले असते याचा तर्क करण्याचा मोह होतो.

कैद, सरदारी आणि अखेर

ऑगस्ट १७०६ मध्ये कॉर्नबरीची पत्नी न्यूयॉर्क येथे मरण पावली. १७०८ मध्ये त्याला पदावरून दूर करण्यात आले व त्याच्या जागी आलेला लॉर्ड लव्हलेस डिसेंबरात दाखल झाला. पदाचे कवच जाताच सावकार पुढे सरसावले आणि कालचा गव्हर्नर कर्जापायी न्यूयॉर्कच्या शेरीफच्या ताब्यात अडकला. यातील किती कर्ज उधळपट्टीचे आणि किती सरहद्दीवरील फौज व सरकारी खर्च भागविण्यासाठी स्वतःच्या पतीवर उचललेले, हे नेमके सांगता येत नाही. दोन्ही होते, हे मात्र निश्चित. थकलेल्या वेतनासाठी व खर्चाच्या भरपाईसाठी त्याने लंडनला वारंवार लिहिले.

३१ ऑक्टोबर १७०९ रोजी त्याचा पिता निवर्तला आणि हा कैदी एका दिवसात क्लॅरेंडनचा तिसरा अर्ल झाला. सरदारास कर्जापायी अटकेत ठेवता येत नसे. त्यामुळे सुटका होऊन तो १७१० मध्ये इंग्लंडला परतला. तेथे त्याची चौकशी झाली नाही. उलट १७११ मध्ये तो प्रिव्ही कौन्सिलचा सभासद झाला आणि १७१४ मध्ये हॅनोव्हरच्या दरबारात राणीचा विशेष दूत म्हणून गेला. पुढे 'बेगर्स ऑपेरा' लिहून नावारूपास आलेला कवी जॉन गे हा या मोहिमेत त्याचा चिटणीस होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राणी अ‍ॅन मरण पावली आणि कॉर्नबरीचा अखेरचा आधार तुटला. त्याचा मुलगा १७१३ मध्येच वारला होता. ३१ मार्च १७२३ रोजी त्याचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याचे दफन झाले व अर्लपद चुलत घराण्याकडे गेले.

स्त्रीवेषाचा आरोप : साधनांची तपासणी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे कोणी पाहिले होते?

या आरोपाची समकालीन साधने अत्यल्प आहेत. बोनोमी यांच्या शोधानुसार १७०७ ते १७०९ या काळात तीन वसाहतवासीयांनी लिहिलेली चार पत्रे, एवढाच तो साठा. पहिला लेखक रॉबर्ट लिव्हिंगस्टन हा मोठा जमीनदार व व्यापारी होता. लोकांत असे बोलले जाते, अशा स्वरूपाचा त्याचा मजकूर आहे. दुसरा लुइस मॉरिस. फेब्रुवारी १७०८ मध्ये राज्यसचिवाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की, गव्हर्नर रोज उघडपणे स्त्रीवेष करतो आणि त्यापायी सरकारी कामकाज खोळंबून राहते. मॉरिसचे वैर आपण वर पाहिलेच. तिसरा एलियास नो हा फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासित. न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय गुलामांना धर्मशिक्षण देण्याचे काम तो करीत असे. १७०९ च्या फेब्रुवारीतील पत्रात त्याने तटावरील स्त्रीवेषाचा उल्लेख केला आहे. आपण हे स्वतः पाहिले, असे या तिघांपैकी एकही जण लिहीत नाही.

याउलट मौन फार बोलके आहे. न्यू जर्सीच्या सभेने १७०७ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या सभेने १७०८ मध्ये ज्या तक्रारी नोंदविल्या, त्यांत हा आरोप नाही. जे सभासद गव्हर्नराचा एकेक पौंड मोजत होते, ते त्याने भर सभेत स्त्रीवेषात येण्याविषयी गप्प बसले असते, हे पटण्याजोगे नाही. सभेतील तो प्रसंग आणि 'राणीचा प्रतिनिधी' हे समर्थन यांचा माग काढत गेल्यास आपण थेट १७९६ मध्ये येऊन पोहोचतो. होरेस वॉल्पोल व त्याचा एक मित्र यांच्या गप्पा लॉर्ड ग्लेनबर्व्ही याने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवल्या, त्यांत तो किस्सा आहे. कॉर्नबरीला मरून तेव्हा ७३ वर्षे झाली होती. वॉल्पोल हा रसाळ गप्पांसाठी प्रसिद्ध होता. न्यूयॉर्कला तो कधी गेला नव्हता.

दरम्यान विल्यम स्मिथच्या १७५७ च्या ग्रंथाने स्त्रीवेषाची कथा इतिहासात दाखल केली होती. पुढच्या ग्रंथकारांनी स्मिथला प्रमाण मानले. परंतु स्मिथ स्वतः प्रेसबिटेरियन होता, आणि त्याचा पिता न्यूयॉर्कच्या राजकारणात मॉरिसच्या पक्षाचा वकील होता, ही बाब त्याचा आधार घेणाऱ्यांनी क्वचितच विचारात घेतली. पत्नीच्या अंत्यविधीलाही गव्हर्नर स्त्रीवेषात आला होता, अशा आणखीही जोडण्या कालांतराने झाल्या.

बोनोमी यांचा निष्कर्ष असा की, ही संपूर्ण कथा म्हणजे राजकीय बदनामीचे अपत्य होय. त्या काळी लंडनमध्ये निंदापत्रांचे पीक आले होते. विरोधकाच्या कारभारावर हल्ला करण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच्या पौरुषावर हल्ला करणे. हे विवेचन बहुतांशी पटते. तरीही एका ठिकाणी अडखळावयास होते. लिव्हिंगस्टन व मॉरिस यांचे हितसंबंध उघड आहेत, पण नोचे काय? तो शहरातच राहत होता, मॉरिसच्या जमीनदारी भांडणाशी त्याला कर्तव्य नव्हते आणि त्याच्या धर्मशिक्षणाच्या कामाला कॉर्नबरीनेच परवानगी दिली होती. त्याचे पत्र ऐकीव असेलही. परंतु ते वैराच्या खात्यात टाकून मोकळे होता येत नाही. म्हणून 'आरोप सिद्ध झालेला नाही' येथवर जाता येते. 'आरोप खोटा आहे' असे म्हणणे हे एक पाऊल पुढचे झाले, आणि त्यासाठी पुरेसा पुरावा प्रस्तुत लेखकाला दिसत नाही.

अलीकडील काही लेखनात याच कथेचा गौरवपर वापर होतो व कॉर्नबरीला लिंगभावाच्या रूढ चौकटी मोडणारा पूर्वसूरी मानले जाते. पूर्वी जी गोष्ट लांच्छन म्हणून सांगितली जाई, ती आता अभिमानाने सांगितली जाते. वेषाकडे पाहण्याची दृष्टी उदार झाली, हे स्वागतार्ह आहे. मात्र निंदकांचा असो वा गौरव करणाऱ्यांचा, आधार त्याच चार पत्रांचा आहे.

चित्राची कथा

कागद कमी पडले ते चित्राने भरून काढले. निळ्या पोशाखातील, हाती पंखा घेतलेल्या एका व्यक्तीचे तैलचित्र न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात आहे. चेहरा काहीसा राकट, हनुवटीखाली सावली. हाच स्त्रीवेषातील लॉर्ड कॉर्नबरी, असे सांगून ते असंख्य पुस्तकांत छापले गेले. चेहऱ्याकडे पाहिल्यावर आरोपाविषयी शंका घेण्याची इच्छाच राहत नाही, हे त्याचे सामर्थ्य.

या चित्राचा पूर्वेतिहास पाहता, १७९६ च्या त्याच गप्पांत वूस्टरशरमधील एका सरदार घराण्याकडे कॉर्नबरीचे स्त्रीवेषातील चित्र असल्याचा उल्लेख येतो. १८६७ मध्ये ते लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा त्यावर कॉर्नबरीच्या नावाची चिठ्ठी लागली. १९५२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या सोसायटीकडे आले. त्याच्या हयातीत काढलेल्या कोणत्याही कागदात या चित्राचा उल्लेख नाही. १९९० मध्ये बोनोमी यांनी चित्राच्या ओळखीविषयी जाहीर शंका उपस्थित केली. कलेतिहासाच्या जाणकारांच्या मते, अठराव्या शतकाच्या आरंभीचे, प्रांतीय दर्जाच्या एखाद्या चित्रकाराने काढलेले हे एका सामान्य इंग्रज स्त्रीचे चित्र असण्याचा संभव अधिक आहे. आपण ज्या राकट चेहऱ्याला दोनशे वर्षे हसलो, तो कोणा बाईचा खरा चेहरा असावा. सोसायटीच्या नोंदीत आता ते अनोळखी स्त्रीचे चित्र म्हणून दाखविले जाते. तिचे नाव सांगणारी चिठ्ठी मात्र कोणी लावून ठेवलेली नाही.